स्विचकर

गुरुग्रामच्या सायबर सिटीत, ऐन कामाच्या वेळी, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून चहाच्या टपरीपाशी रेंगाळणारा मराठी माणूस दिसला तर त्याला ‘काय चाललंय?’ असं सहज म्हणूनही विचारू नये. ‘सध्या एक्सप्लोअर करतोय’ असं उत्तर आलं, की ओळखावं, हे स्विचकर. मूळ आडनाव जोशी, पाटील, गायकवाड काहीही असो, दिल्लीच्या परिसरात दोन उन्हाळे काढले की इंजिनिअर मंडळींपैकी काहींचं हेच होतं.

स्विचकरांची पहिली नोकरी नोएडात, सेक्टर ६२ ला. तिथे ते दीड वर्ष टिकले. हा त्यांचा आजवरचा उच्चांक. पेपर का टाकलात, तर म्हणे लर्निंग थांबलं होतं. त्यांचं लर्निंग साधारण एप्रिलमध्ये थांबतं, अप्रेझलचं पत्र हाती पडलं की त्याच संध्याकाळी.

पुढची नोकरी गुरुग्रामला मिळाली, पण फ्लॅटचे हप्ते नोएडात चालू. म्हणून रोज ब्लू लाईन, राजीव चौकला यलो, सिकंदरपूरला उतरून रॅपिड मेट्रो. या प्रवासात ते इंटरव्ह्यूची तालीम करतात. ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांनी मंडी हाऊस ते राजीव चौक एवढ्या अंतरात बसवलं आहे. खरं उत्तर ‘इथे नाही’ असं आहे, पण ते देता येत नाही.

तिसरी आणि चौथी कंपनी तर एकाच इमारतीत निघाली. पट्टा निळ्याचा केशरी झाला, मजला चौथ्याचा अकरावा. खालच्या चहावाल्याला अजून पत्ता नाही. त्याच्या लेखी हे साहेब एकाच जागी इमानेइतबारे चिकटून आहेत, आणि एवढं प्रशस्तिपत्र त्यांना दुसरं कुणी दिलेलं नाही.

त्यांचा बायोडेटा वाचावा तर छाती दडपते. नेतृत्व केलं, कायापालट घडवला, उत्पन्न चाळीस टक्क्यांनी वाढवलं. प्रत्यक्षात ‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण डावीकडून उजवीकडे नेणाऱ्या पथकात ते होते. बटण नेलं दुसऱ्यानेच. हे होते मीटिंगला.

सरकारने मात्र त्यांची थोडीफार सोय पाहिली आहे. २०१४ मध्ये भविष्य निर्वाह निधीला यूएएन क्रमांक आला, तो बहुधा त्यांची विखुरलेली खाती पाहूनच. ग्रॅच्युइटीचं मात्र जमलं नाही. कायद्यात त्यासाठी कायम नोकरदारांना सलग पाच वर्षांच्या नोकरीची अट आहे. ‘सलग’वर त्यांचं अडतं.

माझ्या मते स्विचकर खरे सुखी असतात ते नोटीस पिरियडमध्ये. नव्वद दिवस! जुन्या कंपनीत कुणी काम सांगत नाही, नव्या कंपनीत अजून कुणी ओळखत नाही. या काळात त्यांची कांती सुधारते. नोव्हेंबरच्या धुरातही ते गच्चीवर उभे राहून दीर्घ श्वास घेतात. हातातली ऑफर दुसऱ्याला दाखवून तिसऱ्याकडून वाढवून घेण्याचं काम तेवढं शिल्लक असतं, आणि ते मन लावून करतात. गुरुग्राम गावावरही त्यांचा जीव आहे. २०१६ मध्ये गुडगावचं गुरुग्राम झालं, २०२३ मध्ये तिथलं हुडा सिटी सेंटर स्टेशन मिलेनियम सिटी सेंटर झालं. पावसात रस्त्यावर पाणी पूर्वीइतकंच तुंबतं. अशी बढती त्यांना मनापासून पटते.

दिल्लीतल्या मराठी इंजिनिअरांच्या आधीच्या पिढीचं गणित निराळं होतं. केंद्रीय जल आयोग नाहीतर सीपीडब्ल्यूडीत चिकटायचं आणि टाइप तीनच्या क्वार्टरमधून टाइप चारमध्ये बिऱ्हाड कधी हलतं याची वाट पाहायची. बढती आली की आधी बायकोला कळे, कारण स्वयंपाकघर मोठं मिळे. अशाच एका निवृत्त काकांची आणि स्विचकरांची गाठ गणेशोत्सवात पडली. काका अभिमानाने म्हणाले, ‘एका धरणाच्या आराखड्यावर मी सहा वर्षं होतो.’

स्विचकरांचा चेहरा खरोखर कळवळला. ‘सहा वर्षं? काका, एकाही कन्सल्टंटचा फोन आला नाही तुम्हाला?’

त्याच उत्सवात मंडळाने त्यांना सहखजिनदार केलं. दोन महिन्यांत कळलं, की नोएडाच्या मंडळाशी त्यांची बोलणी सुरू आहेत. तिथे ‘प्रमुख, सांस्कृतिक धोरण’ असं पद निघत होतं. वर्गणी तेवढीच, पण हाताखाली दोन माणसं. आमच्या अध्यक्षांनी त्यांना बोलावून घेतलं आणि कार्याध्यक्षपद देऊ केलं, शिवाय शेवटच्या दिवसाच्या आरतीचं ताट. स्विचकरांनी विचार करायला सोमवारपर्यंतची मुदत मागितली, आणि ताटाचं तेवढं लेखी द्या म्हणाले.