बाईट कापावा कसा? नवशिक्यांसाठी सोपा अभ्यासक्रम (बुलडाणा जिल्ह्यातील सरावासह)

आधी मनातली भीती काढून टाका. बाईट म्हणजे कॅमेऱ्यासमोर माणूस बोलला त्याचा तुकडा. माणसाच्या तोंडी नवे शब्द घालणं हे अडाण्याचं काम, आणि त्यात पकडलं जाण्याचा धोकाही मोठा. आपण काही घालायचं नाही, फक्त काढायचं. माणूस बोलला तेच दाखवायचं. किती दाखवायचं, हे आपण ठरवायचं.

साहित्य: चॅनलचं नाव असलेला एक बूम (माईक), कॅमेरा (मोबाईल चालेल), एडिटिंगचं कुठलंही सॉफ्टवेअर आणि घाई. घाई जवळ नसेल तर मुंबईच्या डेस्कला फोन लावा, तिथे ती मुबलक असते.

पहिला सराव खामगावच्या बाजार समितीत. हंगाम 2024 चा धरू. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये. ट्रॉलीला टेकून उभे असलेले एखादे काका गाठा आणि विचारा, "काका, भाव कसा काय?" समजा ते म्हणाले, "हमीभाव चांगला हाये, त्यात काई वाद नाई. पन घेते कोन? ओलावा जास्त हाये म्हनून माल वापस पाठोते. मंग व्यापाऱ्याले पडल्या भावात देऊन मोकयं व्हा लागते."

आता 'पन'च्या अलीकडे कात्री लावा. हाती आलं: "हमीभाव चांगला हाये, त्यात काई वाद नाई." बातमी झाली, शेतकरी समाधानी. तुमच्या वाहिनीची हवा दुसऱ्या दिशेने वाहत असेल तर कात्री 'पन'च्या पलीकडे लावा, शेतकरी संतप्त. एकाच काकांत दोन बातम्या, पेट्रोलचा खर्च एकदाच. केंद्राने त्याच हंगामात ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्क्यांवर नेली होती, तो तपशील दोन्हीकडून गाळा. तो समजून घ्यायला प्रेक्षकाला थांबावं लागतं, आणि थांबलेला प्रेक्षक रिमोट शोधतो.

'जर', 'बहुतेक', 'आज तरी', 'तपासणीनंतर सांगता येईल' ही बाईटमधली तणं समजा आणि दिसताक्षणी उपटा. प्रश्नही काढून टाका. "काही लोक म्हणतात की पाणी विषारी आहे, तुम्हाला भीती वाटते का?" असं विचारलं की समोरची बाई साहजिकच म्हणते, "हो, वाटते." पडद्यावर एवढंच 'वाटते' ठेवायचं आणि खाली पट्टी आपल्या हाताने लिहायची.

कापल्या जागी बोलणाऱ्याचं डोकं टुणकन उडतं. ते लपवायला वर दुसरं दृश्य टाका: काकांचे हात, वजनकाटा, नाहीतर तुमची स्वतःची डोलणारी मान. ही मान नंतर एकट्याने डोलावली तरी चालते. काका घरी गेल्यावर रिकाम्या ट्रॉलीकडे बघून गंभीरपणे डोलवा. सगळं जग डोलावतं, लाजू नका.

क्रम बदलणं हा वरच्या वर्गाचा धडा आहे, पण थोर उदाहरण माहीत असावं. 2007 मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटाच्या झलकेत राणी एलिझाबेथ फोटो काढून घेताना चिडून तडक निघून गेल्यासारख्या दिसल्या. प्रत्यक्षात ते दृश्य त्या फोटोसाठी आत येत असतानाचं होतं. येणं नंतर लावलं की जाणं होतं. बीबीसी वनच्या प्रमुखांना त्यापायी खुर्ची सोडावी लागली; आपल्याकडे एवढं मनाला लावून घेत नाहीत. जुलै 2022 मध्ये झी न्यूजने राहुल गांधींचं एक वक्तव्य उदयपूरच्या हत्येच्या संदर्भात दाखवलं. ते बोलले होते वायनाडमधल्या आपल्या कार्यालयाची मोडतोड करणाऱ्या मुलांबद्दल. तिथे शब्दांना कात्रीही लागली नव्हती, नुसता शेजार बदलला होता. वाहिनीने नंतर माफी मागितली.

आता जिल्ह्यातला वार्षिक सराव. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, पापड, कुरडई, विड्याचं पान, सुपारी. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं धान्य किती हललं ते पाहून वाघ घराण्यातले महाराज महिन्यामहिन्याचा पाऊस आणि पिकापिकाचा अंदाज सांगतात. या भाकितांना शास्त्रीय आधार नाही, असं अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी सांगतात. हा वाद तर पडद्यावर येऊच देऊ नका, आणि भाकीतही पूर्ण येऊ देऊ नका. जून साधारण, जुलै बरा, ऑगस्टात कमी-जास्त, तूर मोघम, कपाशी साधारण, असं कोण ऐकेल? सुपारी जागची हलली की नाही तेवढं उचला: राजाची गादी कायम! शेतकरी पहाटे उठून तुरीचं ऐकायला आला होता, तो त्याचा प्रश्न.

सगळ्यात मोठा वर्ग मात्र भरला तो शेगाव तालुक्यात, जानेवारी 2025 मध्ये. बोंडगाव, कालवड, हिंगणा या आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आरोग्य खात्याचा पहिला संशय पाण्यावर आणि बुरशीच्या संसर्गावर होता. हा खारपाणपट्टा, पाण्यात क्षार आधीच जास्त. नमुने गेले, आयसीएमआरचं पथक आलं. त्या दिवसांत डॉक्टर सांगत होते की हा अंदाज आहे, अहवाल यायचा आहे. नवशिक्यांनो, या वाक्याचा उत्तरार्ध कुठे गेला ते शोधा, सापडणार नाही. पडद्यावर उरला 'टक्कल व्हायरस'. व्हायरस म्हटलं की स्पर्श आला, स्पर्श आला की बहिष्कार. त्या गावांतल्या सोयरिकी अडल्याच्या बातम्या आल्या आणि त्याही आपणच चालवल्या, दुप्पट टीआरपी. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. तोपर्यंत कॅमेरे दुसऱ्या जिल्ह्यात पोचले होते, हे सांगायला नकोच.

लोणारचं सरोवर जून 2020 मध्ये गुलाबी झालं तेव्हाही 'बहुतेक' कापला गेला. नमुने पुण्याच्या आघारकर संस्थेत आणि नागपूरच्या नीरीत गेले होते. पुढे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे कारण निघालं, तोवर चमत्कार दाखवून झाला होता.

पुढाऱ्यांची काळजी करू नका. बाईट कापला तरी ते म्हणतात विपर्यास झाला, नाही कापला तरी तेच म्हणतात. खरी अडचण येते ती साध्या माणसाची. हल्ली काहीजण बोलताना स्वतःच्या मोबाईलवरही रेकॉर्ड करतात आणि 'पन'च्या पलीकडचं वाक्याच्या सुरुवातीलाच टाकतात: "ओलाव्याच्या नावानं माल परत येते, तरीबी हमीभाव चांगला हाये म्हना." असं बोलणारा काका दिसला की बूम उचला आणि पुढच्या ट्रॉलीकडे चला.

शेवटी खर्चाचा अंदाज. वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडून दंड झालाच, तर तो एक लाखापर्यंत. ही रक्कम परिणामकारक नाही, असं खुद्द सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये म्हटलं आहे, म्हणजे बजेटात बसते. तक्रार आधी वाहिनीकडेच आली पाहिजे, तीही प्रसारणापासून सात दिवसांत. तेव्हा आठवडाभर गावातले फोन उचलू नका. आठव्या दिवशी उचलायला हरकत नाही.