कंपनीला नाव ठेवताना

ताडोबाच्या मोहर्ली गेटाजवळ दोन खोल्यांचे होमस्टे काढून मोहफुलांचे लाडूही विकायचे, आणि तेही रीतसर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करून, असे मनात आले असेल तर आधी बारसे उरका. लेकराचे बारसे बाराव्या दिवशी, कंपनीचे जन्माआधी. आत्याबाई हरियाणात, मानेसरच्या केंद्रीय नोंदणी केंद्रात बसतात. दोन नावे त्यांच्या कानात सांगायची, १००० रुपये आहेर करायचा. नावे नाकारली तरी आहेर परत मागू नये.

चंद्रपूरकराला पहिले नाव सुचते ते वाघाचे. दुसरेही वाघाचेच. ते कोणीतरी आधीच घेतलेले असते. मग भाऊ हुशारी करतात: टायगरचे टायगर्स, स्पेलिंगमध्ये ‘आय’च्या जागी ‘वाय’, मागे डॉट कॉम, पुढे २ चा आकडा. कंपनी स्थापनेच्या २०१४ च्या नियमावलीतला आठवा नियम या सगळ्या हुशाऱ्या ओळखून आहे. एकवचन-अनेकवचन, शब्दांची उलटापालट, चुकीचे स्पेलिंग, काहीही केले तरी नाव तेच धरतात. गावाचे नाव जोडूनही सुटका नाही. पट्टे पाहून वाघ ओळखणाऱ्यांना शेपटीला बांधलेली रिबीन फसवत नाही.

नुसते ‘चंद्रपूर लिमिटेड’ही चालायचे नाही. फक्त शहराचे नाव नको, असे नियम सांगतो आणि उदाहरण देतो मैसूरचे. (आपल्याला उदाहरणातसुद्धा घेतले नाही.) ‘बल्लारपूर इंडस्ट्रीज’ला पुढचा शब्द होता म्हणून निभावले.

जंगलात राहतो म्हणून ‘फॉरेस्ट कॉर्पोरेशन’ म्हणावे, तर त्याला केंद्र सरकारची आगाऊ परवानगी लागते. ‘पंचायत’लाही लागते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २०११ मध्ये स्वतःच्या जंगलातला बांबू विकला, तेव्हा तिला असले बारसे करावे लागले नाही. वनहक्क कायदा पुरला. तुमच्याकडे मात्र ग्रामसभा नाही, दोन खोल्या आहेत.

नाव मंजूर झाले तर २० दिवस तुमचे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या सीटइतकाच हा हक्क. तेवढ्यात बाकीचे कागद भरून आत चढा.

मग पाटी. ती बाहेर, ठळक आणि त्या भागातल्या भाषेच्या लिपीतही हवी. सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली ऐकू येते. कायद्याला त्यांतली एक लिपी पुरते. पुढे नाव बदललेत तर जुने नावही दोन वर्षे पाटीवर ठेवायचे. या कलमाचे पालन आपल्याइतके कोणी केले नसेल. चांद्याचे चंद्रपूर होऊन साठ वर्षे लोटली, तरी एक स्टेशन अजून चांदा फोर्टच आहे आणि भद्रावतीची आयुध निर्माणीही चांद्याचीच.

शेवटचा धोका नीट ऐका. तुमचे नाव दुसऱ्याच्या नावाशी फार जुळते असे ठरले, तर बदलायला तीन महिने मिळतात. तोवर बदलले नाही तर सरकारच बारसे करते: ‘ओआरडीएनसी’ ही अक्षरे, आदेशाचे साल, अनुक्रमांक आणि मागे कंपनीचा लांबलचक ओळख क्रमांक. अर्थ एवढाच, की प्रादेशिक संचालकांचा आदेश पाळला नाही. पण भद्रावतीच्या रस्त्याला अशी पाटी दिसली, तर इंग्रजी ‘ऑर्डनन्स’ची सवय झालेले गावकरी तिला आयुध निर्माणीचे नवे गेट समजतील, आणि लाडू मागायला आत कोणी येणार नाही.