करंजा धक्क्याच्या शेवटच्या पायरीस खुले पत्र

प्रति,
मा. शेवटची पायरी,
करंजा धक्का, ता. उरण, जि. रायगड.

विषय : आपली उंची, आपलं शेवाळ आणि आपला आब.

स. न. वि. वि.

आपण सुकतीला दर्शन देता आणि भरतीला अंतर्धान पावता, त्यामुळे समक्ष गाठणं अवघड. म्हणून हा पत्रप्रपंच. पनवेल-उरणकडच्या माणसाला अलिबाग गाठायचं तर आपल्यावर पाय ठेवून रेवसच्या लाँचमध्ये उतरायचं, नाहीतर पेणमार्गे खाडीला भलामोठा वळसा घालायचा. आता ज्याला पायच ठेवता येत नाही त्याचं काय, असलं क्षुल्लक काही आपल्या कानावर कुणी घातलं नसावं.

आमची आत्या व्हीलचेअरवर असते. जिल्हा रुग्णालय अलिबागला, त्यामुळे अपंगत्वाच्या तपासणीसाठी तिला तिकडेच नेलं. म्हणजे चालता येत नाही हे सिद्ध करायला आधी आपल्यावरून चालत जायचं! ही व्यवस्था ज्याने लावली त्याच्या विनोदबुद्धीला आमचा साष्टांग नमस्कार. उरणपर्यंत अडलं नाही. 12 जानेवारी 2024 पासून लोकल उरणला येते, आणि अपंगांच्या डब्यातल्या धडधाकट मंडळींनी त्या दिवशी मोठ्या मनाने जागाही दिली. पुढे शेअर रिक्षा, आणि पुढे आपण.

आत्याच्या आधी नंबर एका बुलेटचा होता. ती लाँचवर चढवायला चौघे खलाशी धावले. एकाने हँडल धरलं, दोघांनी मागून उचललं, चौथा नुसताच ओरडत होता, "आरसा हाय, आरसा! जपून!" गाडीचं तिकीट फाटलं, मालकाने सीटवर रुमाल फिरवला, सगळं कसं रीतसर. मग आत्याकडे बघून तांडेल म्हणाला, "मावशी, आता सुकती हाय. भरतीला या." आत्या म्हणाली, "भरतीला मला पाय फुटतात काय रे?"

शेवटी त्याच चौघांनी तिला खुर्चीसकट उचललं. माणसं चांगली, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. आत्याचं म्हणणं एवढंच, की दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरलेली असताना पदर सावरायला तिसरा हात कुठून आणायचा? आरशासाठी ओरडणारा होता, पदरासाठी कुणी नव्हता.

आपण मात्र निश्चिंत असा, कायद्याने आपली पुरेपूर काळजी घेतली आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 41 वं कलम प्रवासाची सगळी साधनं सुगम करा म्हणतं. पण जुन्या साधनांच्या बाबतीत ते तांत्रिकदृष्ट्या शक्य असावं, सुरक्षित असावं, खर्चाला परवडावं आणि रचनेत मोठा बदल होऊ नये. एवढ्या चार खुंट्या दिल्यावर कुठल्या साहेबाला टोपी टांगायला जागा मिळणार नाही? नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुनावलं, की सुगमतेचे निकष म्हणजे नुसता सल्ला नव्हे, किमान काही गोष्टी सक्तीच्या करा, आणि केंद्राला त्यासाठी तीन महिने दिले. हे वृत्त आपल्यापर्यंत पोचलं नसेल. त्या वेळी कदाचित भरती असेल.

भरतीचंच कारण आपल्या वतीने नेहमी पुढे केलं जातं. ते अगदीच खोटं नाही. व्हीलचेअरच्या उताराला एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, आणि आपल्याकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं. पक्का उतार बांधायचा तर तो पन्नासेक मीटर लांब जाईल. म्हणून शहाणी माणसं धक्काच तरंगता करतात. पाणी चढलं की धक्का चढतो, आणि बोटीची कड त्याच्या पातळीतच राहते. कोचीची वॉटर मेट्रो एप्रिल 2023 पासून अशाच धक्क्यांवर चालते. तिथे भरती जेमतेम मीटरभर, हे आपले वकील सांगतीलच. पण मग मांडवा? तो तर याच समुद्रावर, पलीकडच्याच अलिबाग तालुक्यात. मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो तिथे जाते आणि मोटारी तिच्या पोटात सुळकन शिरतात. त्यांना कुणी "भरतीला या" म्हणत नाही. चाकांविषयी आपल्याकडे आदर आहेच, फक्त वर इंजिन हवं.

पुलाचं म्हणाल तर रेवस-करंजा पुलाचं स्वप्न बॅ. अंतुले मुख्यमंत्री असल्यापासूनचं. तेव्हा जन्मलेल्यांना आता चष्मे लागले. तो पूल होवो, पण आपण नोकरी जाण्याची धास्ती घेऊ नका. त्यावर बसथांबा झाला, की आपल्या कुळातलं कुणीतरी तिथे कायम होईलच.

तोवर मागणी माफक आहे : एक तरंगता धक्का आणि त्यावर जायला एक कठड्याचा पूल. तेही जड वाटत असेल, तर धक्क्यावर एक पाटी लावावी, की व्हीलचेअरला बुलेटचा दर्जा देण्यात येत आहे. आरसा आम्ही बसवून घेऊ.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला,
आत्याचा भाचा

ता. क. पनवेलला आमच्या सोसायटीच्या दारात आपल्या तीन धाकट्या बहिणी आहेत. त्यांच्या जागी उतार करण्याचा ठराव मांडला होता. उतारामुळे दोन स्कूटरची जागा जाते म्हणून तो पुढच्या सभेवर ढकलला आहे.