सार्वजनिक गुडघा

उजवा गुडघा दुखतो, असं मी सोसायटीच्या कट्ट्यावर बोलून गेलो आणि त्या क्षणापासून तो माझा राहिला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना पूर्वी अंगठ्यात गाऊट झाला होता. त्यांनी युरिक ॲसिड जाहीर केलं. त्यांच्या शेजारणीचं डी जीवनसत्त्व कमी निघालं होतं, म्हणून माझंही कमी ठरलं. एका निवृत्त बँक मॅनेजरांनी ‘वंगण संपलंय’ म्हणून खातं बंद केलं. जो तो आपलाच आजार माझ्या गुडघ्यात घालून बघत होता आणि बसला नाही, तर दोष गुडघ्याला देत होता.

मग दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे झाला, उभ्यानं. त्यात जन्मात कधी कुरकुर न केलेला डावा जास्त झिजलेला निघाला! ज्याच्या नावानं घरभर रोज रात्री मलम दरवळतं, तो उजवा त्या मानानं ठणठणीत. डॉक्टरांना याचं काडीचंही नवल वाटलं नाही. एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही. दोन हाडांतल्या फटीवरून तिचा अंदाज बांधायचा. शिवाय कूर्चेत नसाच नाहीत, त्यामुळे ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते आजूबाजूचं, म्हणजे हाड, सांध्याचं अस्तर वगैरे. थोडक्यात, फोटोत जास्त झिजलेला तो जास्त दुखणारा, असा नियम नाही.

नंतर माझी उलटतपासणी सुरू झाली. सकाळी गुडघा किती वेळ आखडतो? अर्ध्या तासाच्या आत मोकळा होत असेल, तर संशय झिजेवर. तासाच्या वर जात असेल आणि हाताची बोटंही सुजत असतील, तर आमवात शोधावा लागतो. जिना चढताना दुखतो की उतरताना? (मला दादरचा पूल आठवला. तिथे हळू उतरणाऱ्याविषयी मागची गर्दी जे बोलते, ते केसपेपरवर लिहिता येत नाही.) दुखणं वाटीमागचं असेल, तर जिना उतरणं आणि पाय दुमडून अख्खं नाटक बघणं, दोन्ही जड जातं. चालताना मध्येच अडकतो? मग आतली गादी फाटलेली असू शकते. सुजून गरम होतो, ताप येतो? ‘तसं झालं तर अपॉइंटमेंट बिपॉइंटमेंट नको, त्याच दिवशी या,’ ते म्हणाले. एवढं एकच वाक्य ते न हसता बोलले.

शेवटी त्यांनी गुडघ्याचा नाद सोडला, माझी मांडी पोटाकडे दुमडली आणि पाय बाहेरच्या बाजूला फिरवला. मी ओरडलो. कळ जांघेत! गुन्हेगार खुबा होता. खुब्याला आणि गुडघ्याला काही नसा सामाईक असतात, म्हणून खुब्यातलं दुखणं कधी कधी गुडघ्यात उमटतं. लेकी बोले सुने लागे हा प्रकार आपल्या घरांतून चालतो हे ठाऊक होतं, हाडांतही चालतो हे नव्हतं. बिचारा गुडघा दुसऱ्याच्या वाटचं मलम निमूट चोळून घेत होता.

उपाय म्हणून मांडीचे आणि खुब्याचे व्यायाम मिळाले, शिवाय वजनावर प्रवचन. वजन एक किलो घटलं, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो म्हणे. खुबाही दुवा देतो. एकाला चार! पोस्टाच्या आवर्ती ठेवीत हयात घालवलेल्या माणसाला असा परतावा ऐकून भरून आलं. रात्री श्रीखंड-पुरीच्या ताटावर बसून मी हा सगळा हिशेब उत्साहानं मांडला. बायकोनं तो पूर्ण ऐकून घेतला आणि माझ्या ताटातली वरची पुरी उचलली.

‘पहिला हप्ता,’ ती म्हणाली.