माहितीपत्रकावरचा ड्रॅगन

ॲनिमेशन शिकवणाऱ्या संस्थांच्या माहितीपत्रकावर ड्रॅगन असतो. ड्रॅगन नसेल तर चिलखत घातलेला योद्धा, आणि तोही परवडला नसेल तर हेडफोन लावून मॉनिटरकडे बघत हसणारी मुलगी. कागदावर पेन्सिल टेकवून बसलेला, चुकलेली रेघ वैतागून खोडणारा कुणी मात्र मला एकाही मुखपृष्ठावर दिसला नाही. बारावीत गेलेल्या भाचीला ॲनिमेशन करायचंय हे कळल्यापासून ताईच्या नाशिकच्या घरी टीपॉयवर हे ड्रॅगन साचत गेले. मग, मामा लिहितो-बिहितो, त्याला यातलं कळत असणार, या न्यायानं ते सगळे माझ्याकडे आले.

आत पदव्यांचं भरघोस पीक. बी. डिझाइन, बी. एफ. ए., बी. एस्सी., बी. व्होक., झालंच तर डिप्लोमा, आणि अगदीच घाई असेल तर सहा महिन्यांचं सर्टिफिकेट. दाजी हे सगळं शांतपणे वाचत होते. त्यांना घायाळ केलं ते एका साध्या ओळीनं : ‘कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण.’ एनआयडीच्या प्रवेशपरीक्षेला तेच, आयआयटीवाल्यांच्या यूसीडला तेच. ‘सायन्स घेऊन ठेव, दारं उघडी राहतात,’ हा आपल्याकडचा घरोघरचा मंत्र. ज्या दारासाठी दोन वर्षांची क्लासची फी आगाऊ भरली, ते दार मुळात लावलेलंच नव्हतं, हे कळल्यावर कुठल्याही बापाचा चेहरा उतरेलच.

त्यांना धीर द्यायला मी राम मोहन यांचं उदाहरण दिलं. भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणतात त्यांना, आणि पदवी रसायनशास्त्राची. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिरले आणि डिस्नेकडून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली काम शिकले. ‘म्हणजे केमिस्ट्री वाया जात नाही,’ एवढाच अर्थ दाजींनी काढला आणि क्लास चालू ठेवला.

दादासाहेब फाळक्यांचं नाव मी मुद्दामच काढलं नाही. खरं तर ते त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे ताईच्या गाववाल्यांतलेच. पण त्यांचा बायोडेटा पालकांपुढे ठेवण्यासारखा नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, फोटोग्राफी, मग छपाई, मधूनच जादूचे प्रयोग. आजच्या करिअर समुपदेशकानं यावर ‘फोकस नाही’ असा शेरा मारून पुढच्याला आत बोलावलं असतं. याच फोकस नसलेल्या माणसानं १९१५ साली आगकाड्या एकेका फ्रेमला कणभर सरकवत ‘आगकाड्यांची मौज’ केली.

मध्यंतरी आम्ही एका संस्थेत जाऊन आलो. एसी जोरात, भिंतीवर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. समुपदेशक बाईंनी सॉफ्टवेअरची नावं एका दमात म्हणून दाखवली. मी विचारलं, ‘मुलं चित्रं कुठे काढतात?’

‘सर, आता ड्रॉइंग यायलाच पाहिजे असं नाही. सगळं सॉफ्टवेअरमध्ये होतं.’

‘मग मुलांच्या शोरील बघायला मिळतील?’

मिळाल्या. तीन मुलांच्या शोरीलमध्ये एकच डायनोसॉर एकाच गल्लीतून चालत गेला. ऊन तेवढं वेगवेगळ्या बाजूंनी पडत होतं. बाहेर आल्यावर भाची म्हणाली, ‘मामा, त्याचे पाय जमिनीला लागतच नव्हते.’ फी ऐकून आमचेही लागत नव्हते, पण ते मी बोललो नाही. कॅम्पस बघायला जाणाऱ्यांनी कॅन्टीन जरूर बघावं. मात्र शोरील मागावी ती पहिल्या नंबरच्या मुलाची नाही, मधल्या कुणाची तरी.

खरा घोळ त्यापुढे आहे. टू-डी, थ्री-डी, व्हीएफएक्स, गेमिंग, यांतलं एक काही ठिकाणी अर्ज भरतानाच निवडायचं. मॉडेलिंगवाला पात्र घडवतो, रिगिंगवाला त्याच्या आत हाडं आणि सांधे बसवतो, ॲनिमेटर त्याला चालवतो-बोलवतो, लायटिंगवाला त्याच्यावर उजेड पाडतो आणि कंपॉझिटिंगवाला सगळं एका चित्रात जुळवतो. रोटोवाला नटीच्या उडणाऱ्या बटा फ्रेमगणिक कातरत बसतो. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटला १२०. आपल्याकडे नव्या पोरांची उमेदवारी बऱ्याचदा या कातरकामानंच सुरू होते, पण त्या ड्रॅगनच्या पोटात कुठे ते छापलेलं नसतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या गुडघ्याचे सांधे बसवायचेत की ऊन पाडायचंय, हे सतराव्या वर्षी कुणाला ठाऊक असतं? मला विचाराल तर सुरुवातीला सगळ्यात हात घालू देणारा अभ्यासक्रम बरा. अहमदाबादच्या एनआयडीत आधी फाउंडेशन होतं, मग ॲनिमेशन फिल्म डिझाइन. पवईच्या आयडीसीत ॲनिमेशनचं एम. डिझाइन आहे, म्हणजे तिथे जाईपर्यंत चार वर्षं विचार करायला मिळतात. शेजारच्या काकांचं म्हणणं, एवढा विचार कशाला, आता सगळं एआयच काढणार आहे. काकांचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्याबाबत मात्र त्यांना हा घोर नाही.

भाचीची तयारी आमच्या या चर्चांकडे दुर्लक्ष करून चालू आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट तिनं दिली होती, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून, सगळेच देतात तशी. त्यातलं स्मरणचित्र मी पाहिलंय : भाजी मंडईत यच्चयावत गिऱ्हाईकं राष्ट्रगीत चालू असल्यागत उभी. आता ती माणसं हलताना बघते. सध्या पाळी आजींची, म्हणजे दाजींच्या आईंची आहे. खुर्चीतून उठायचं म्हटल्यावर आजी लगेच उठत नाहीतच. आधी किंचित मागे रेलतात, डावा हात गुडघ्यावर जातो, मान पुढे येते, ‘आई गं’ होतं, आणि मग उरलेल्या आजी उठतात. क्रियेच्या आधीची ही उलट्या दिशेची हालचाल ॲनिमेशनच्या बारा तत्त्वांपैकी एक आहे. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या जोडीनं ती तत्त्वं १९८१ च्या पुस्तकात मांडली. आजींना याचा पत्ता नव्हता तोवर सगळं ठीक होतं. नात आपल्याला बघतेय हे कळल्याबरोबर त्या पदर सारखा करून ताठ उठायला लागल्या, ‘आई गं’ही बंद. शेवटी आपण पंख्याचं चित्र काढतोय असं तिनं सांगितलं. ‘बंद पंख्याला एवढी पानं?’ आजींनी विचारलं आणि सवयीनं मागे रेलल्या. नातीनं तेवढ्यात पान उलटलं.

अर्ज गेलेत. एनआयडी, यूसीड, उपयोजित कलेसाठी राज्याची सीईटी, आणि दाजींच्या समाधानासाठी इंजिनीअरिंगचीही. मात्र एक बदल झालाय. हल्ली सिनेमा संपला तरी नावांची यादी सरेपर्यंत टीव्ही बंद करायची सोय राहिलेली नाही. दाजी चष्मा लावून पुढे सरकतात आणि ओळखीचं आडनाव दिसलं की ‘थांबव, थांबव’ म्हणून ओरडतात. परवा लायटिंगमध्ये एक पाटील सापडले. तेव्हापासून लायटिंगला स्कोप आहे, असं ते कुणालाही सांगतात.