तेवीस फुटी घर आणि झाशीची खाट

गाडी बदलण्याचा विचार आपल्या गाडीकडे पाहून सुचत नाही. शेजारी येऊन उभी राहिलेली गाडी तो सुचवते. झाशीच्या किल्ल्याखाली आमच्या ईकोला खेटून एक पांढरी कॅरॅव्हॅन थांबली. फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेलं, तेवीस फुटांचं फिरतं घर. आमची ईको बारा फूट. त्यात सुताराकडून बसवून घेतलेली फळी, फळीवर गादी, गादीखाली शेगडी, तांदूळ आणि बायकोच्या मते 'लागेल कधीतरी' असं सगळं.

मालक नागपूरचे काका. "आत या ना जी, वहिनी, लाजता काहून!" आत दीड टनी एसी, फ्रीज, दोन शेगड्या, शंभर लिटरची टाकी. गाडी रीतसर मोटर कॅरॅव्हॅन म्हणून नोंदलेली. त्यासाठीचं एआयएस-124 हे मानक काकांनी अथर्वशीर्षासारखं घडाघडा म्हणून दाखवलं. बायकोनं बाथरूमचं दार उघडून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ईको त्याच क्षणी निम्म्या किमतीला गेली.

"हे बाथरूम रिकामं कुठे करता?" मी विचारलं.

काका बुरुजाकडे पाहत म्हणाले, "हा किल्ला 1613 चा आहे बरं का."

मग गणेश मंदिराला जायचं ठरलं. 1842 साली राणी लक्ष्मीबाईंचं लग्न जिथे लागलं ते हे महाराष्ट्र गणेश मंदिर. झाशीत येऊन तिथे न जाणारा मराठी माणूस विरळा. कॅरॅव्हॅन गल्लीच्या तोंडाशीही वळेना, म्हणून काका-काकू ई-रिक्षात बसले. आम्ही दिमाखात ईको आत घातली. पुढे एक बैल रवंथ करत उभा होता आणि त्याला कसलीही घाई नव्हती. थोड्या वेळानं आम्हीही त्याच ई-रिक्षात, काकूंच्या पिशवीला मांडीवर घेऊन.

"अहो, वरसईचे गोडसे भटजी 1857 साली घरून निघाले," बायको म्हणाली. "झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, तरी गंगेची कावड खांद्यावर घेऊन कोकणात परतले. तुम्हाला बारा फूट पुरत नाहीत?" बाथरूमकडे कोणी पाहिलं होतं, हे मी काढलं नाही. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' वाचलेल्या बाईशी झाशीत वाद घालू नये.

रात्री मुक्काम महामार्गावरच्या एका ढाब्यावर. देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन्ही मोठे रस्ते झाशीत एकमेकांना भेटतात, त्यामुळे ढाब्यांना तोटा नाही. तोटा हवेचा. मे महिन्यात इथे पारा 45 च्या घरात जातो आणि रात्रीही भिंती तापलेल्याच असतात. मग पत्र्याच्या गाडीचं काय विचारता! काकांनी लांबलचक वायर ओढून ढाब्याच्या भिंतीतल्या सॉकेटला जोडली. एसीनं एक दीर्घ श्वास घेतला आणि ढाबा अंधारात बुडाला. तंदूरचा तेवढा उजेड राहिला. मालक फ्यूज हातात घेऊनच आला. "भैया, एसी चलेगा या हमारा ढाबा चलेगा, एक बोलिए."

काकांनी जनरेटर काढला. त्याचा आवाज सुरू झाला तसे ट्रकवाले एकेक करून उठून बसले. त्यांनी नुसतं पाहिलं. जनरेटर बंद झाला.

अर्ध्या तासानं तेवीस फूटवाले आणि बारा फूटवाले लिंबाच्या झाडाखाली, सुंभाच्या खाटांवर, ओला पंचा पोटावर टाकून शेजारी शेजारी पडले होते. खाटेचं भाडं दोघांना सारखंच. डासही सारखेच. अंधारात काकांचा आवाज आला, "ईको किती देते जी लिटरला?"

ईको विकायची नाही, असं सकाळी चहावर ठरलं. तुम्हाला कॅरॅव्हॅन घ्यायची असेल तर खुशाल घ्या. आधी भाड्यानं आणून मे महिन्यातली एक रात्र झाशीत काढा, आणि रिकामं कुठे करायचं ते विकणाऱ्याला पैसे मोजण्यापूर्वी विचारा. तो किल्ल्याचं साल सांगू लागला, तर तिथून उठा.