एका गोष्टीला एकच शब्द

आमच्या मजल्यावरचा एकशब्दी. नोकरी कुठेतरी करतो म्हणे, पण खरं काम रात्री : व्हिडिओ गेमच्या विकीवर शत्रूंची नावं एकसारखी करणं. एका पानावर 'एनिमी', दुसऱ्यावर 'मॉन्स्टर' दिसलं की याच्या घशाखाली घास उतरत नाही. "काका, एका गोष्टीला एकच शब्द!"

परवा लिफ्टमध्ये मी सहज म्हणालो, "पॅकमॅनमधली ती चार भुतं..." झालं! लिफ्ट खाली जाऊन पुन्हा वर आली, तरी हा बोलतोच आहे. १९८०च्या मूळ जपानी खेळात ती भुतं नव्हतीच, मॉन्स्टर होती. भुतं मागाहून झाली. "मागाहूनच होतात," मी म्हणालो. हसला नाही.

माइनक्राफ्टमध्ये तर शत्रू असोत की कोंबड्या, सगळे 'मॉब'. त्यांत काही गरीब, काही तटस्थ, काही आक्रमक. एन्डरमॅन तटस्थ, नजरेला नजर भिडवली की अंगावर येतो. हे कळल्यापासून याच्या लेखी डास आक्रमक आणि सोसायटीचे सेक्रेटरी तटस्थ.

मुलगी बघायला गेला. ती बिचारी म्हणाली, "मलाही गेममधले व्हिलन आवडतात." यानं विचारलं, "व्हिलन की बॉस?" पोहे संपायच्या आत स्थळ मोडलं. एका गोष्टीला एकच शब्द!

आता कबूल करतो, नाइलाजानं. सोसायटीच्या बिलात वरच्या ओळीत 'देखभाल' आणि खालच्या ओळीत 'मेंटेनन्स' अशी एकाच खर्चाची वसुली दोनदा चालली होती. वर्षभर आम्ही मुकाट्यानं भरत होतो. ते पकडलं यानंच.

आभार मानायला रविवारी त्याच्याकडे गेलो. अमेरिकेतला थोरला भाऊ व्हिडिओ कॉलवर, आणि हा जुना मारिओ खेळत होता. १९८५चा. पहिलाच शत्रू तुरुतुरु आला. आम्ही सगळे त्याला मशरूम समजायचो. इंग्रजीत तो गूम्बा, जपानीत कुरिबो, म्हणजे चेस्टनटचं पोरगं. हे मला यानंच तीनदा ऐकवलेलं.

फोनमधून भाऊ ओरडला, "बटाट्या आला, बटाट्या! उडी मार!"

यानं मारली.

मी संधी साधली. "काय रे, यादीत बटाट्या आहे का? एका गोष्टीला...?"

"एकच आहे, काका," पडद्यावरून नजर न काढता तो म्हणाला. "बाकीची यादी लोकांसाठी."